मागच्या चाकावरचा नट

बाबा: हा सतराचा पाना नव्हे. सतरा दे.

मुलगी: सतराच आहे, बाबा. वर आकडा कोरलाय, वाचून दिलाय तुम्हाला.

बाबा: हाताला एकोणीस वाटतोय. बरं, असेल सतरा. डोळे तुझ्याकडं आहेत, भांडून काय उपयोग.

मुलगी: जरा बाहेर येता का? तास होऊन गेला, आडवे पडलाय. फरशी गार आहे.

बाबा: पस्तीस वर्षं बसच्या पोटाखाली काढली. डेपोच्या खड्ड्यात घोट्यापर्यंत पाणी असायचं. तुझ्या या फरशीवर मला झोप लागेल. जॅक नीट आहे ना?

मुलगी: जॅक नीट आहे. शेजारी स्टँड लावलाय. पुढच्या चाकांना विटा लावल्यात. काढलेलं चाक गाडीखाली सरकवलंय. तुम्ही सांगितलं तसं सगळं. तीनदा विचारून झालं.

बाबा: चौथ्यांदाही विचारीन. गाडी खाली यायला लागली तर मला दिसायची नाही.

मुलगी: असले विनोद आईसमोर करू नका.

बाबा: तिला हसू येत नाही म्हणून तर तुला ऐकवतो. आता नीट ऐक, पुन्हा कोणी सांगणार नाही. शॉकअपचं खालचं टोक उघड्यावर आहे, ते कुणीही आवळेल. वरचं टोक बॉडीच्या आत एका खोबणीत गेलंय. बोल्ट अलीकडून जातो, नट पलीकडं बसतो. स्प्रिंगच्या मागून मनगट मुरडून दोन बोटं कशीबशी तिथवर पोचतात. बस्स, तेवढीच जागा.

मुलगी: मी बॅटरी मारून बघितलं. नुसता काळोख दिसतो.

बाबा: कुणालाच दिसत नाही तिथं. डोळेवाला काय नि मी काय, दोघं सारखेच. म्हणूनच हे काम मी मागून घेतलं. महिना झाला, तुझी गाडी खड्ड्यात गेली की मागून टक्क करते. ज्याच्याकडं शॉकअप बदललास त्यानं वरचा नट दिसेना म्हणून अर्धवट आवळून सोडून दिला. मी मागं बसून सांगितलं होतं की नाही?

मुलगी: सांगितलंत. पहिल्याच खड्ड्याला.

बाबा: मग. आमच्या डेपोतला लांब्या, तोही तेच म्हणाला फोनवर. म्हणाला, उस्ताद, डोळे गेले असतील, हात कुठं गेलेत? माझ्या गॅरेजात टेबलाशी बसा आणि नुसती जोडणी करा. क्लच म्हणू नका, ब्रेकचे सिलिंडर म्हणू नका, सगळं तुमच्या बोटांना पाठ आहे. सोमवारपासून या, म्हणाला.

मुलगी: माणूस चांगला आहे तो.

बाबा: चांगला म्हणजे काय? माझ्या हाताखाली शिकलाय. माझी दया आली म्हणून बोलावतोय, असं म्हणायचंय का तुला?

मुलगी: मी कुठं तसं म्हटलं?

बाबा: तू नाही, तुझी आई म्हणाली. परवा, स्वयंपाकघरात. तिला वाटलं, मी झोपलोय. दीड वर्ष झालं, मी जागा आहे की झोपलोय हे कुणाला ओळखूच येत नाही. ते कागदाचं चिटोरं दे बघू.

मुलगी: हे घ्या. ते कशाला?

बाबा: नटावर ठेवायचं आणि नट पान्यात दाबायचा. घट्ट बसतो, वर नेताना पडत नाही. मघाशी तीनदा पडला तो घाई केली म्हणून. हा नट मी एकट्यानं लावणार, ठमे. तू पाने द्यायचे, हात लावायचा नाही. हा लागला की सोमवारी मी लांब्याकडं जाणार.

मुलगी: आणि नाही लागला तर?

बाबा: न लागायला काय झालंय?

आई: अहो, अजून तिथंच आहात? दोन वाजत आले. जेवण गार होऊन गेलं. साखरेच्या गोळ्या घेतल्यात सकाळी, वर पोटात काही नको का?

बाबा: आलो, आलो. पाच मिनिटं.

आई: तुमची पाच मिनिटं मी लग्न झाल्यापासून ओळखते. आणि तू गं, तुला तरी कळायला हवं. दवाखान्यात काम करतेस ना? आंधळ्या माणसाला गाडीखाली घालून बसलीस ती.

मुलगी: दवाखान्यात नाही, लॅबमध्ये. आणि मी नाही घातलं, तेच गेले.

आई: एकच ते. ये जरा आत, पाणी ने त्यांना.

बाबा: आत बोलवतेयस ते पाण्यासाठी नव्हे. बोला, बोला. मी इथं माझ्या नटाशी बोलतो.

आई: दार लोटून घे. हां. आता ऐक माझं. ते काय करतायत ते करू दे. झालं म्हणाले की तू म्हणायचं, छान झालं. उद्या दुसऱ्या कुणाकडं नेऊन दाखव गाडी.

मुलगी: आई, ती गाडी घेऊन मी रोज वीस घरं फिरते. लोकांचं रक्त काढायला जाते. नट निघाला आणि मागचं चाक हलायला लागलं तर?

आई: उद्यापर्यंत काही होत नाही.

मुलगी: प्रश्न तो नाही. त्यांच्या बोटांना कळतं का काही? खरं सांग.

आई: मला काय विचारतेस.

मुलगी: तू चोवीस तास त्यांच्याबरोबर असतेस.

आई: लांब्याचा फोन आला गुरुवारी. तेव्हापासून रोज दाढी करतायत. दीड वर्षात आठवड्यातून एकदा मी मागं लागायचे, तेव्हा कुठं गालाला साबण लागायचा. काल तो डेपोतला खाकी सदरा काढायला लावला. स्वतः इस्त्री करतो म्हणाले. मी म्हटलं, करा. आणि तळहात टेकवला इस्त्रीच्या कडेला. मला वास आला तेव्हा मी धावले. ते सदऱ्यावर हात फिरवत होते, चुणी राहिली का बघत.

मुलगी: आणि हे तू मला आज सांगतेस?

आई: काय करायला हवं होतं मी? इस्त्री हिसकावून घ्यायची?

मुलगी: पाणी दे.

बाबा: आलीस? ये लवकर. लागला. लागला बघ. नट लागला, आवळलासुद्धा.

मुलगी: खरंच?

बाबा: मग काय. आधी उलटा फिरवायचा, सुलटा नाही. उलटा फिरवताना एका जागी आट्यावरून आटा घसरतो आणि खट्ट होतं. ते झालं की समजायचं, तोंडाला तोंड लागलं, आता सुलटा. मग आवळत गेलो. सुरुवातीपासूनच जड जात होता, गंज असेल बोल्टाला. पण सोडला नाही. पाना तेवढा निसटत होता सारखा. वरून तेल गळतंय का बघ, नवा शॉकअप असून.

मुलगी: बाबा, हात बाहेर काढा.

बाबा: आधी तेल बघ.

मुलगी: तेल नाही ते. हात काढा बाहेर. सावकाश. मनगट सरळ करा.

बाबा: काय झालं?

मुलगी: रक्त आहे. पहिल्या बोटापासून तळव्यापर्यंत कापलंय. त्या खोबणीच्या कडेचा पत्रा लागला असणार. बाही भिजलीय पार.

बाबा: केव्हा लागलं?

मुलगी: ते तुम्ही मला सांगायचं, बाबा.

आई: काय झालं? अगं बाई. थांबा, कापड आणते. बसा तुम्ही, उठू नका. धरून ठेव त्यांचा हात वर.

मुलगी: माझी पेटी आण, गाडीत पुढच्या सीटवर आहे. दुखतंय का?

बाबा: नट बघ आधी.

मुलगी: नट कुठं पळून जात नाही. बोट हलवा. हे. आता हे. शीर वाचलीय. टाके नाही लागायचे बहुतेक, पण औषध झोंबेल. टाकतेय.

बाबा: टाक.

मुलगी: टाकलं.

बाबा: टाकलंस?

आई: मी बांधते पट्टी, तू जा बाजूला.

मुलगी: मी बांधते, आई. मला सवय आहे. झालं. असाच उंच धरा.

बाबा: आता घाल हात तिकडं. सांग मला, कसा बसलाय. कडेचा पत्रा सांभाळ.

मुलगी: स्प्रिंगच्या मागून ना?

बाबा: मागून. मनगट आतल्या बाजूला मुरड. तुझा हात बारीक आहे, सहज जाईल.

मुलगी: सापडला.

बाबा: एवढ्यात?

मुलगी: रोज शिरा शोधते ना. म्हाताऱ्या माणसांच्या तर दिसतही नाहीत, बोटानंच शोधाव्या लागतात. थांबा. बाबा, वरच्या बाजूनं माझं नख आत जातंय.

बाबा: खालच्या बाजूनं?

मुलगी: खाली टेकलाय.

बाबा: पुन्हा बघ.

मुलगी: बघितलं. वर फट आहे, खाली नाही. दोन तीन आटे चढलाय फक्त.

बाबा: तिरका चढलाय.

मुलगी: असेल.

बाबा: असेल काय. तिरका चढलाय आणि मी वर पाना लावून रेटलाय त्याला. आटे गेले असणार बोल्टाचे. नवशिक्या माणसाचं काम. एखाद्यानं माझ्यासमोर असं केलं असतं तर पाना काढून घेऊन घरी पाठवला असता त्याला.

आई: एवढं काय त्यात. दिसत नाही तिथं होतं असं. तुम्हीच म्हणालात ना, डोळेवाल्यालासुद्धा दिसत नाही.

बाबा: ते खट्ट झालं होतं. मला कळलं होतं ते.

मुलगी: हो.

बाबा: का मला वाटलं, कळलं म्हणून? पस्तीस वर्षं त्या जागी खट्ट होतं, तर आजही झालं असेल, असं? ठमे, सुई आहे ना पेटीत? डाव्या हाताला टोचून बघ. डॉक्टर करतो तसं.

मुलगी: सुई नको. कापसाची काडी आहे, तिनं बघते.

आई: काही बघू नका आता. जेवून घ्या, पडा जरा.

बाबा: तू गप्प बस गं थोडी. लाव काडी.

मुलगी: लावली. कुठलं बोट?

बाबा: अंगठा.

मुलगी: आता?

बाबा: मधलं.

मुलगी: आता?

बाबा: करंगळी. बरोबर आहेत?

मुलगी: हो, बाबा.

बाबा: तिन्ही?

मुलगी: तिन्ही.

बाबा: मी अंदाजानं सांगितली तिन्ही. मला एकदाही काही लागलं नाही.

आई: अहो.

बाबा: डोळ्यांचं कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, साखर आहे, बोटांवर लक्ष ठेवा. मी म्हटलं, बोटांची काळजी नको, ती लोखंडाची आहेत. कधीपासून ठाऊक आहे तुला?

आई: मला काय ठाऊक असणार?

बाबा: तुलाच विचारतोय.

आई: सदऱ्याची बटणं मी लावते ना तुमची. लहान मुलासारखे उभे राहता समोर, मान वर करून. म्हणालात, दिसत नाही म्हणून जमत नाही. मी लावायला लागले. नंतर एकदा काळोखात मी माझी बटणं लावत होते, तेव्हा मनात आलं, बटण लावायला डोळे कशाला लागतात?

बाबा: कधीची गोष्ट ही?

आई: चार महिने झाले असतील.

बाबा: आणि बोलली नाहीस.

आई: तुम्ही तरी कुठं बोललात?

बाबा: मला ठाऊक नव्हतं.

आई: बरं.

बाबा: थोडं ठाऊक होतं. पाने ओळखू यायचे नाहीत हल्ली. मी वजनावरून चालवून न्यायचो. वाटायचं, हात सवय विसरले, काम सुरू झालं की येईल परत. ठमे, उठ. तो नट सोडव आणि तूच लाव.

मुलगी: मला कुठं येतं? डेपोत कधी पानासुद्धा धरू दिला नाहीत. डबा द्यायला आले की फाटकावरून परत पाठवायचात.

बाबा: वाटायचं, काळे होतील हात तुझे.

मुलगी: मला चाललं असतं.

बाबा: हं. डावीकडं फिरव. सुटताना किंचाळेल, घाबरू नकोस.

मुलगी: भयंकर आवाज करतोय.

बाबा: आटे सोलून निघतायत. जे जायचं ते मघाशीच गेलंय. सुटला की बोल्टही ओढून काढ. अगं, कपाटाखालचा पत्र्याचा डबा आण. तसाच बोल्ट असेल त्यात, नटासकट. जुन्याशेजारी धरून लांबी जुळव.

आई: हा का?

मुलगी: एवढा जाड नाही, आई. तो दुसरा. हां, हा. जुळतोय बरोबर.

बाबा: आधी बोल्ट घाल अलीकडून. बुशाच्या, त्या रबरी कड्याच्या, भोकातून सरळ जायला पाहिजे. नाही गेला तर शॉकअप थोडा वर उचल. ठोकायचं नाही.

मुलगी: गेला.

बाबा: आता कागद. नट पान्यात दाब. ने वर. टेकला?

मुलगी: टेकला.

बाबा: उलटा फिरव. हळू. मनात दुसरं काही आणू नकोस, बोटाकडं लक्ष ठेव.

मुलगी: झालं. खट्ट झालं.

बाबा: मला आवाज नाही आला.

मुलगी: आवाज नाही झाला. बोटाला कळलं.

बाबा: बोटालाच कळतं ते. आता सुलटा. हलका जातोय ना?

मुलगी: लोण्यासारखा.

बाबा: तसाच जायचा असतो. पहिल्या फेऱ्याला जड गेला की थांबायचं असतं. हे मी किती माणसांना सांगितलं असेल. आता पुरता आवळू नकोस. जॅक ॲक्सलखाली घे आणि थोडा चढव, चाकावर गाडीचं वजन आल्यासारखं होऊ दे. लोंबकळत असताना आवळला की बुशाचं रबर पिळून राहतं आणि फाटतं.

मुलगी: चढवला. स्प्रिंग दबली.

बाबा: पुरे. दुसरा पाना अलीकडं, बोल्टाच्या डोक्याला. फिरेनासा झाला की खांद्यानं एकदाच जोर दे. लटकायचं नाही.

मुलगी: दिला. हलत नाही आता.

बाबा: नख?

मुलगी: कुठूनच जात नाही.

बाबा: चाक चढव मग. आणि तुझा हात बघू. पत्रा लागला नाही ना?

मुलगी: नाही. लागला असता तर कळलं असतं मला. म्हणजे, नाही लागला, बाबा.

बाबा: असू दे. बरोबरच बोललीस.

आई: चला, आता तरी आत चला. पुन्हा गरम करते सगळं.

बाबा: मी हिच्याबरोबर गाडी बघून येतो. तू एक कर. लांब्याला फोन लाव.

आई: मी?

बाबा: सांग, सोमवारी येत नाही म्हणून.

आई: तुम्हीच बोला ना. तुमचा माणूस तो.

बाबा: मला नाही जमायचं.

मुलगी: घाई कशाला करताय? हाताची जखम बरी होऊ दे. त्याच्याकडं दुसरंही काम असेल. आवाजावरून बिघाड ओळखायचा, नव्या माणसांना शिकवायचं.

बाबा: कोपऱ्यात खुर्ची टाकून देईल मला. येणारा जाणारा उस्ताद, उस्ताद म्हणेल. मी जोडलेलं प्रत्येक काम मागून कुणीतरी गुपचूप उघडून बघेल. बघावंच लागेल. ब्रेक असतात ते. माणसं बसतात त्या गाड्यांत.

आई: आणि का येत नाही असं विचारलं तर?

बाबा: तो नाही विचारणार.

आई: बरं. सांगते.

बाबा: सदराही ठेवून दे आत. हात दे, ठमे. पुढं बसतो आज.

(गाडी सुरू होते. थोड्या वेळानं, रस्त्यावर.)

मुलगी: हा बघा, गटारावरचा मोठा खड्डा आला. घालू यात?

बाबा: मागच्या चाकासकट घाल. चुकवू नकोस.

मुलगी: गेला.

बाबा: नाही आला आवाज. अजून एक असेल पुढं.

मुलगी: वळणावर आहे. हा. आणि हा दुसरा.

बाबा: काही नाही. चोख बसलाय.

मुलगी: तुम्ही सांगितलंत तसं केलं मी.

बाबा: हो. सहा महिन्यांनी एकदा पुन्हा बघून घे. तूच बघ, कुणाकडं देऊ नकोस. आता तुला ठाऊक आहे कुठं आहे ते.

मुलगी: आपण मिळून बघू.

बाबा: बघू.

मुलगी: हात वर धरा. खाली ठेवलात की पट्टी भिजते.

बाबा: भिजतेय का?

मुलगी: थोडी. घरी गेल्यावर बदलते. वळवू का इथून?

बाबा: एवढ्यात नको. अजून एक फेरी मार. तिचं फोनवर बोलून झालं नसेल अजून.